चाक फिरलं म्हणजे क्रेन पुढे गेली, असं नसतं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "ओके" थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग चाकांबद्दल आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असाल तर चाकांकडे बघायला वेळ भरपूर आहे तुमच्याकडे.

सुरुवात एका कोड्यानं करू. एका बाजूला तुमची साधी हॅचबॅक. दुसऱ्या बाजूला बंदरातली कंटेनर उचलणारी, रबरी चाकांवर चालणारी अवाढव्य क्रेन. क्रेनचं एक चाक जमिनीवर गाडीच्या चाकाच्या किती पट दाब देत असेल? शंभर पट? पाचशे पट?

उत्तर आहे, साधारण चार-साडेचार पट. आणि हेही खरं आहे की साधारण सत्तर पट. दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर आहेत. ती कशी, हे कळलं की अर्धा भाग कळला. उरलेला अर्धा घसरण्याबद्दल आहे.

आधी यंत्राची ओळख. इंग्रजीत याला आरटीजी म्हणतात, म्हणजे रबर टायर्ड गॅन्ट्री क्रेन. आपल्या जवळचं ठिकाण म्हणजे उरणजवळचं न्हावा-शेवा, जेएनपीए. जुन्या लोकांच्या तोंडी अजून जेएनपीटीच आहे. हे बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं आणि २०२४-२५ या वर्षात तिथं ७० लाखांहून जास्त टीईयू हाताळले गेले. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशोबानं केलेली मोजणी. पिरंगुट, चाकण, तळेगावच्या कारखान्यांतला माल ट्रेलरवर चढतो, घाट उतरतो आणि न्हावा-शेव्याच्या यार्डात येतो. तिथं कंटेनरच्या चळती लावायचं आणि त्या उपसायचं बरंचसं काम या क्रेन करतात.

दिसायला ही क्रेन म्हणजे चालती कमान. दोन बाजूंना पाय, वर आडवा गर्डर, मधे कंटेनरच्या सहा रांगा आणि ट्रकसाठी एक लेन. दोन पायांमधलं अंतर साधारण साडेतेवीस मीटर. क्रेनचं स्वतःचं वजन १३० टनांच्या आसपास, वर उचललेलं ओझं ४० टनांपर्यंत. रूळ नाहीत. खाली आठ टायर, काही क्रेनना सोळा. रूळ नसल्यामुळे ती एका ब्लॉकमधून दुसऱ्या ब्लॉकमध्ये जाऊ शकते, हाच तिचा मोठा फायदा. आणि रूळ नसल्यामुळेच आजचा सगळा विषय उभा राहतो.

चार पट आणि सत्तर पट

आता आकडे घेऊ. १३० अधिक ४०, म्हणजे १७० टन. आठ चाकांवर वाटले तर एका चाकावर सरासरी २१ टन. तुमची गाडी १२०० किलोची धरली तर एका चाकावर ३०० किलो. भार झाला सत्तर पट.

पण टायर जमिनीवर किती दाब देतो, हे मुख्यतः त्याच्या आतल्या हवेवर ठरतं. टायर दबतो, पसरतो आणि जमिनीला टेकलेला भाग इतका मोठा होतो की हवेचा दाब गुणिले तो भाग बरोबर वरचा भार. टायरच्या कडेच्या ताठपणामुळे थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हा नियम पुरतो. गाडीत हवा ३३ पीएसआय, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सव्वादोन-अडीच किलो. त्यामुळे तुमची गाडी रस्त्याला चार तळहातांएवढ्या जागेवर टेकलेली असते. क्रेनच्या टायरमध्ये हवा साधारण १४५ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा किलो. २१ टनांसाठी टेकलेली जागा हवी २१०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट बाय दीड फूट. तर पृष्ठभागावरचा दाब गाडीच्या फक्त चौपट-साडेचारपट.

मग सत्तर कुठून आले? ते खोलात आहेत.

जोसेफ बुसिनेस्क नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८८५ मध्ये एक सूत्र मांडलं: जमिनीवर भार ठेवला तर खाली किती खोलीवर किती ताण पोचतो? त्यातून निघणारी गोष्ट अशी की पृष्ठभागापासून बऱ्यापैकी खाली गेलात की टेकलेली जागा लहान होती की मोठी, याला फारसा अर्थ उरत नाही. तिथं मोजला जातो एकूण भार. दोन मीटर खाली गाडीच्या चाकाचा ताण जवळपास नाहीसाच होतो. क्रेनच्या चाकाचा मात्र चौरस मीटरला अडीच टनांच्या आसपास उरतो. तिथं तुलना सरळ भाराची, म्हणजे सत्तर पट.

म्हणून एक वाक्य लक्षात ठेवा: वरच्या थराला हवेचा दाब त्रास देतो, खालच्या थराला चाकावरचं वजन.

न्हावा-शेव्याला हे फार महत्त्वाचं आहे, कारण खाडीकाठची मूळ जमीन मऊ सागरी चिकणमातीची आहे. अशा मातीवर भराव टाकून यार्ड करतात तेव्हा वरचं काँक्रीट कितीही भक्कम असलं तरी खालची माती हळूहळू बसते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. समजा क्रेनच्या एका बाजूची पट्टी दुसऱ्या बाजूपेक्षा १० सेंटिमीटर खाली गेली. साडेतेवीस मीटरमध्ये दहा सेंटिमीटर, ऐकायला काहीच नाही. पण १८ मीटर उंचीवर तेच सात-आठ सेंटिमीटरचं सरकणं होतं. कंटेनर उचलणाऱ्या स्प्रेडरच्या चार कुलपांना कंटेनरच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांत बसायचं असतं. प्रत्येक वेळी ऑपरेटरला तेवढं हातानं सावरून घ्यावं लागतं. आठ तासांच्या पाळीत असं किती वेळा होत असेल, बघा.

पौडच्या पुढचं खाचर

आता जरा घराकडे येऊ. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे आयटीतल्या बऱ्याच जणांच्या गावी नसतं. त्याच तालुक्यात पौडच्या पुढे, कोळवण खोऱ्यात, ताम्हिणीकडे जुलैमध्ये गेलात तर भातखाचरांत चिखलणी चाललेली दिसते. ट्रॅक्टर चिखलात, मागच्या टायरना लोखंडी केज व्हील. क्रेनचाच प्रश्न इथं दुसऱ्या टोकानं उभा आहे. तिथं यंत्र जड आणि खाली काँक्रीट. इथं यंत्र हलकं आणि खाली रबडी.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये शेतात हवा १२ ते १५ पीएसआय, म्हणजे तुमच्या गाडीच्या निम्म्याहून कमी. ट्रॅक्टर गाडीपेक्षा जड असूनही प्रत्येक चौरस सेंटिमीटरला कमी दाबतो. तरी चिखलात रुततो, कारण चिखलाला तेवढंही पेलत नाही. केज व्हील दोन कामं करतं: भार रुंद जागेवर पसरतं, आणि त्याच्या आडव्या पट्ट्या चिखलाखालच्या घट्ट थराला जाऊन धरतात.

तो घट्ट थर भाताला हवाच असतो. तो नसेल तर खाचरात पाणी थांबणार नाही. म्हणजे दाब सरसकट वाईट नाही. पण भात काढल्यावर त्याच रानात हरभरा किंवा वाल टाकायचा असेल तर तोच थर मुळांच्या आड येतो. जड ट्रॅक्टर ओल्या रानात दरवर्षी फिरला की थर आणखी घट्ट होतो आणि खोल जातो. तिथं नुसती हवा कमी करून भागत नाही, कारण खालच्या थराला त्रास वजनाचा. ही गोष्ट क्रेनसारखीच.

शून्य स्लिप म्हणजे शून्य ओढ

आता घसरण्याकडे. स्लिपचा हिशोब साधा आहे. चाक जेवढं फिरलं त्यावरून यंत्र १०० मीटर जायला हवं होतं. प्रत्यक्षात गेलं ९०. तर स्लिप १० टक्के.

आपल्याला वाटतं, उत्तम यंत्र म्हणजे शून्य स्लिप. तसं नसतं. मातीत चाकाला पकड मिळते ती माती थोडी मागे सरकल्यावरच. ती सरकताना जो विरोध करते, त्याच विरोधावर ट्रॅक्टर पुढे जातो. रबरही काँक्रीटवर किंचित ताणलं जातं, तेव्हाच जोर पोचतो. ट्रॅक्टरसाठी नेहमीचा सल्ला असा की घट्ट रानात ८-१० टक्के आणि मऊ रानात १५ टक्क्यांच्या आसपास स्लिप चांगली. फार कमी असेल तर तुम्ही उगाच जादा वजन घेऊन फिरताय. फार जास्त असेल तर डिझेल जळतंय आणि माती नुसती घोटली जातेय.

ही माती आणि चाकाची जोडी शास्त्र म्हणून अभ्यासणारा एक मोठा माणूस म्हणजे पोलंडमध्ये जन्मलेला एम. जी. बेकर. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीच्या कामात तो होता. त्या गाडीला रबर नव्हतं. पोलादी तारांच्या जाळीची चाकं होती आणि वर टायटॅनियमच्या पट्ट्या. जाळी पसरायला, पट्ट्या पकडायला. मुळशीतलं केज व्हील आठवलं ना?

क्रेनकडे परत येऊ. तिचा स्लिपचा हिशोब आपण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करू शकतो. समजा रिकामी क्रेन मिनिटाला १३० मीटर वेगानं पळते आणि तो वेग सहा सेकंदांत गाठायचाय. त्यासाठी वजनाच्या पावणेचार टक्के जोर लागतो. टायर नुसते फिरत ठेवायला अजून दोन-अडीच टक्के. एकूण झाले साधारण सहा. पण बऱ्याच क्रेनमध्ये आठापैकी चारच चाकांना मोटर असते. त्यांच्यावर वजन निम्मं, म्हणून त्यांना त्यांच्या वजनाच्या १२ टक्के पकड हवी.

कोरड्या काँक्रीटवर रबराला ६०-७० टक्के पकड मिळते. म्हणजे प्रश्नच नाही! मग क्रेन घसरते कुठं?

एक, घाई केली की. सहाऐवजी तीन सेकंदांत वेग गाठायचा म्हटलं तर तेच १२ टक्के २० वर जातात. एकदम ब्रेक मारला तर त्याहून वर. दोन, भार एका बाजूला असला की. वरची ट्रॉली एका पायाकडे गेली की दुसऱ्या बाजूची चाकं हलकी होतात, आणि हलकं चाक आधी घसरतं. तीन, वारा. चार, पावसाळ्यात ओल्या, तेलकट पोलादी पत्र्यावर. तिथं पकड २० टक्क्यांपर्यंतही येऊ शकते.

यार्डात पोलादी पत्रा कशाला, असं वाटलं असेल. त्याचं उत्तर मजेशीर आहे.

जिथं घसरणं हवंच असतं

ब्लॉक बदलायचा असतो तेव्हा क्रेन टोकाला जाऊन थांबते आणि सगळी चाकं जागच्या जागी ९० अंशात वळतात. २१ टनांचा भार घेतलेलं, दीड फुटी जागेवर टेकलेलं रबर काँक्रीटवर घासत फिरतं. टायरची झीज होते आणि खालचं काँक्रीटही सोलवटतं. म्हणून वळायच्या जागी पोलादी पत्रे बसवतात, की टायर सहज घसरून वळावा. आणि वळून झाल्यावर त्याच पत्र्यावरून क्रेनला निघायचं असतं, तेव्हा पकड हवी! एकाच जागेकडून दोन उलट्या अपेक्षा.

सोळा चाकांची क्रेन इथं मदत करते. शेजारीशेजारी असलेली दोन चाकं मधल्या एका खुंटाभोवती वळली तर एक पुढे गडगडतं, दुसरं मागे. घासणं बरंच कमी. शिवाय प्रत्येक चाकावरचा भार निम्मा. पण दाबाच्या बाबतीत फसू नका. हवा तेवढीच ठेवली तर पृष्ठभागावरचा दाब तोच राहतो. खोलातला ताण कमी होतो, पण चाकं जवळजवळ असल्यामुळे दोघांचे ताण खाली एकमेकांत मिसळतात, म्हणून तो निम्मा होत नाही. आणि टायर सोळा म्हणजे देखभालही सोळांची.

तीन खुंट्या: वजन, हवा, घाई

सगळं एकत्र ठेवलं तर पिळायला आपल्या हातात तीन खुंट्या आहेत.

वजन वाढवलं की पकड वाढते, पण खालच्या थराचं नुकसानही वाढतं. ट्रॅक्टरला पुढे-मागे लोखंडी वजनं लावतात, ती हवी तेव्हा काढता येतात. क्रेनचं वजन काढता येत नाही.

हवा कमी केली तर ट्रॅक्टरला दुहेरी फायदा होतो: दाबही कमी, स्लिपही कमी. टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेल्या मर्यादेपर्यंत हा जवळजवळ फुकटचा उपाय आहे. क्रेनला हे चालत नाही. २१ टनांखाली हवा कमी पडली तर टायरची कड वाकून वाकून तापते आणि टायर जातो. म्हणून तिथं टायरऐवजी जमीन बदलतात: चाकांच्या मार्गावर काँक्रीटच्या जाड पट्ट्या घालतात, म्हणजे भार मातीपर्यंत पोचेपर्यंत रुंद झालेला असतो. मोटर चारऐवजी आठ चाकांना दिली तर आपल्या हिशोबातले १२ टक्के सरळ ६ होतात, एक किलोही वजन न वाढवता.

तिसरी खुंटी घाई. हिला खर्च जवळजवळ नाही. वेग हळूहळू वाढवायचा, हळूहळू कमी करायचा. पण बंदरात तासाला किती कंटेनर हलवले यावर सगळं मोजलं जातं, आणि मुळशीत ट्रॅक्टर तासाच्या भाड्यावर येतो, पाऊस डोक्यावर असतो. घाई हा तांत्रिक प्रश्न कमी आणि पैशाचा जास्त. म्हणूनच ती सोडून बाकी सगळ्यावर चर्चा होते.

आता माझ्या धंद्यातलं

मी कोड लिहितो, म्हणून या विषयात मला सगळ्यात जास्त अडकवलं ते एका प्रश्नानं: क्रेन कुठं आहे, हे संगणकाला कसं कळतं?

सोपा मार्ग म्हणजे चाकाला एन्कोडर लावायचा आणि फेरे मोजायचे. टायरचा व्यास दीड मीटर, म्हणजे एका फेऱ्याला ४.७ मीटर. गुणाकार केला की झालं. कोड चार ओळींचा.

आणि चुकीचा. एक टक्का स्लिप झाली तर २०० मीटरच्या ब्लॉकमध्ये दोन मीटरची चूक साठते. वीस फुटी कंटेनर सहा मीटरचा असतो, त्याच्या एक तृतीयांश चूक. स्लिप शून्य धरली तरी सुटका नाही. ज्या बाजूला भार जास्त त्या बाजूचा टायर दबतो, त्याची त्रिज्या कमी होते, आणि तेवढ्याच फेऱ्यांत ती बाजू कमी अंतर जाते. त्रिज्येत एक टक्का, म्हणजे फक्त साडेसात मिलिमीटर फरक पडला तर १०० मीटरमध्ये एक पाय दुसऱ्यापेक्षा मीटरभर मागे पडेल. कमान तिरकी. एका बाजूला कंटेनरची चळत, दुसऱ्या बाजूला ट्रक लेन, आणि तिथं ट्रकच्या केबिनमध्ये माणूस बसलेला असतो.

म्हणून अशा क्रेनवर नुसत्या चाकाच्या मोजणीवर भिस्त ठेवत नाहीत. अचूक जीपीएस, जमिनीत बसवलेले ट्रान्सपॉन्डर, रंगवलेली रेघ वाचणारे कॅमेरे, असं काहीतरी जमिनीच्या बाजूनं लागतं. चाक सांगतं "मी एवढा फिरलो". जमीन सांगते "तू एवढाच गेलास". या दोन आकड्यांमधला फरक म्हणजेच स्लिप! ज्याला आपण चूक समजून पुसून टाकतो, ती खरं तर सगळ्यात कामाची माहिती आहे. फरक वाढला तर मोटरचा जोर क्षणभर कमी करायचा, एवढंच ट्रॅक्शन कंट्रोल करतं. आणि तोच फरक रोज एकाच जागी वाढत असेल तर तिथं तेल सांडतंय, पाणी साचतंय किंवा पट्टी खचतेय. क्रेन नुसती ये-जा करत असताना यार्डाची तपासणीही करतेय, आपण तो डेटा ठेवला तर.

मला यातून कळलं ते एवढंच: स्लिप आणि दाब हे चाकाचे गुण नाहीत, चाक आणि जमीन यांच्यातला तो व्यवहार आहे. सगळे सेन्सर चाकावर असतील तर तुम्ही व्यवहारातल्या एकाच माणसाची साक्ष घेताय.

आणि हे तपासायला महागडं काही लागत नाही. घरी ट्रॅक्टर असेल तर यंदा करून बघा. मागच्या टायरवर खडूनं खूण करा. कडक रस्त्यावर, काही न ओढता, दहा फेऱ्यांत किती अंतर गेलं ते टेपनं मोजा. मग रानात, औजार लावून, त्याच दहा फेऱ्या. दोन अंतरांतला फरक भागिले रस्त्यावरचं अंतर, गुणिले शंभर. ही तुमची स्लिप. वीसच्या वर आली तर वजनं चढवायच्या आधी हवा तपासा आणि गिअर बघा. आणि मोजताना मागे चालणाऱ्यानं औजारापासून लांब राहायचं.

आकडा आला की कॉमेंटमध्ये टाका: गाव, रान कसं होतं, औजार कुठलं आणि स्लिप किती. पंधरा-वीस आकडे जमले तर त्यांचा तक्ता करून इथंच लावतो. भेटू पुढच्या भागात.